‘भावी’, ‘ओके’ आणि ‘गांधीगिरी’: थट्टेची सवय कशी होते

(काशीमीरा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय भाषेचा आहे, पण व्याकरणाचा तास घ्यायचा नाहीये. एखादा शब्द आपण चेष्टेनं वापरायला लागतो. मनात त्या शब्दाबद्दल आदर नसतो, उलट तो मनापासून वापरणाऱ्यांना चिमटा काढायचा असतो. वर्ष-दोन वर्षं तो तोंडात घोळतो. आणि मग कधीतरी लक्षात येतं की चिमटा केव्हाच गेला, शब्द तेवढा उरलाय, आणि आपणही आता तो सरळ अर्थानंच बोलतोय. हे कसं होतं, आणि झालं तर बिघडतं काय, एवढाच आजचा मुद्दा आहे.

हा विषय काशीमीऱ्यात मांडायला आम्हाला बरं वाटतं, त्याला कारण आहे. हे नावच दोन गावांची नावं जोडून झालेलं. मीरा-भाईंदर रस्ता महामार्गाला मिळतो तो हा नाका. थोडं पुढे गेलं की घोडबंदरहून ठाण्याकडे रस्ता वळतो. इथे एका सिग्नलला उभं राहिलं तरी कानावर आगरी मराठी पडते, घाटावरची पडते, मालवणी पडते. गुजराती, मारवाडी, भोजपुरी पडते, आणि या सगळ्यांना चालवून घेणारी मुंबईची हिंदी तर पडतेच. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ ला ती ८,०९,३७८ झाली. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसं वाढली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आधी एक जुना शब्द. आपल्या काव्यशास्त्रात ‘व्याजस्तुती’ नावाचा अलंकार आहे. वरून स्तुती, आतून निंदा. किंवा वरून निंदा आणि आतून स्तुती. आणि दुसरा शब्द आहे ‘काकु’. ऱ्हस्व उकार. शेजारच्या काकू नव्हेत. (हशा) काकु म्हणजे बोलताना आवाजाला दिलेला फेर. मम्मटानं वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितलेत, एक श्लेषावर चालणारी आणि दुसरी काकुवर चालणारी. ‘वा, काय वेळेवर आलात!’ हे वाक्य कागदावर वाचलं तर कौतुक आहे. तासभर ताटकळलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं तर टोमणा आहे. शब्द तेच, फरक सगळा आवाजात.

म्हणजे उपरोध शब्दात राहत नाही, आवाजात राहतो. आणि शब्द टिकतो तसा आवाज टिकत नाही. शब्द एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याच्यासोबत काकु जाईलच असं नाही. आमच्या मते काकु तीन ठिकाणी गळून पडते.

पहिली जागा म्हणजे नवा ऐकणारा. ज्यानं मूळ प्रसंग पाहिलेला नाही, ज्याला चेष्टा कुणाची हे माहीत नाही, तो शब्द सरळ उचलतो. लहान मुलं असंच करतात. नवीन राहायला आलेली माणसंही असंच करतात, कारण त्यांना इथलं बोलणं शिकायचं असतं. दहा वर्षांत तीन लाख माणसं वाढलेल्या शहरात असे नवे ऐकणारे किती असतील, विचार करा.

दुसरी जागा लिखाण. फलक, व्हॉट्सॲप, स्टेटस. तिथे आवाज नाही. हसणारा चेहरा डकवला तरी तो चेष्टेचा की आनंदाचा, हे वाचणाऱ्यावर सोडलेलं.

तिसरी जागा जास्त महत्त्वाची आहे. ज्याची थट्टा चाललीय त्यानंच ती आनंदानं स्वीकारली तर? तुम्ही म्हणता ‘काय शेठ!’ आणि समोरचा कॉलर नीट करून म्हणतो, ‘बोला!’ संपलं. आता टोमण्याला जायला जागाच नाही.

या तिन्ही जागा एकाच शब्दात बघायच्या तर आपल्याकडचा ‘भावी’ घ्या. टोळक्यात एक जण असतो, जरा पुढे पुढे करणारा. मित्र त्याला म्हणतात, ‘या, भावी नगरसेवक!’ ही शुद्ध व्याजस्तुती. मग वाढदिवस येतो. मित्र वर्गणी काढून फलक लावतात. गॉगल घातलेला फोटो, खाली शुभेच्छुकांचे वीस चेहरे, आणि वर ठळक अक्षरात ‘भावी नगरसेवक’. लावणाऱ्यांच्या मनात अजून अर्धी गंमतच असते. पण फलक रस्त्यावर असतो आणि रस्त्यानं जाणाऱ्याला ती गंमत ठाऊक नसते. कुणीतरी त्याच्याकडे पाण्याची तक्रार घेऊन जातं. तो एक फोन फिरवतो. पुढच्या वाढदिवसाला फलक मोठा होतो, आणि तेव्हा मात्र कुणीच हसत नाही.

यात वाईट काय, असं कुणी म्हणेल. पाणी आलं ना? ठीक आहे. पण मीरा-भाईंदरच्या बाबतीत एक गोष्ट आठवून बघा. आपल्या महापालिकेची निवडणूक २०१७ च्या ऑगस्टमध्ये झाली. ९५ जागा. मुदत २०२२ च्या ऑगस्टमध्ये संपली. त्यानंतर २०२६ च्या जानेवारीत मतदान होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ, कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात शहरातले सगळे पुढारी एक तर ‘माजी’ होते नाही तर ‘भावी’. आपल्याकडे भूतकाळ आहे, भविष्यकाळ आहे, वर्तमानकाळ तेवढा नाही, असा विनोद करायला उत्तम परिस्थिती होती. (हशा) तुम्ही आत्ता हसलात. सुरुवातीला सगळेच हसले असतील. पण तोच विनोद महिन्यामागून महिने करत राहिलं की त्यातून राग निघून जातो. निवडून दिलेलं सभागृह नसणं ही तक्रारीची गोष्ट होती. ती आधी विनोदाची झाली आणि नंतर ‘चालायचंच’ म्हणायची झाली. आमचा आक्षेप हसण्याला नाही. हसलो म्हणजे विरोध नोंदवला, असं जे आपण धरून चालतो त्याला आहे.

आता ‘ओके’कडे येऊ. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेत बंड झालं आणि आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन राहिले. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर झालेलं बोलणं बाहेर आलं. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, सगळं एकदम ओक्के! हे वाक्य मुळात चेष्टेचं नव्हतंच. माणदेशाच्या बाजूचा माणूस आसामची हिरवाई बघून बोलतोय. त्या भागात पाण्याची काय परिस्थिती असते ते ज्याला माहीत आहे, त्याला त्यातली भूकही ऐकू येईल. पण ऐकणारा महाराष्ट्र त्या वेळी राजकारण ऐकत होता. राज्यात सरकार डळमळतंय आणि हे झाडी बघतायत, म्हणून वाक्याला थट्टेचा सूर चिकटला. त्याची गाणी झाली, टी-शर्ट झाले. ऑगस्टच्या पावसाळी अधिवेशनात विरोधक विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि घोषणा आली, ‘पन्नास खोके, एकदम ओके!’ हा आरोप होता. ज्यांच्यावर केला त्यांनी तो फेटाळला. खरंखोटं ठरवण्याची ही जागा नाही. आपण शब्दाचा प्रवास बघतोय.

त्या घोषणेतले दोन्ही शब्द मुरलेले आहेत. ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी, ही मुंबईच्या गुन्हेगारी जगाची सांकेतिक भाषा. खंडणीचा आकडा उघड बोलायचा नाही म्हणून केलेली. हिंदी सिनेमानं ती घराघरात नेली. मग साधी माणसं फुशारकीनं, नक्कल म्हणून, ‘दोन पेटी लागतील’ असं म्हणायला लागली. आज घराचे व्यवहार करणाराही सहज ‘खोका’ म्हणून जातो, त्याला कुणाची नक्कल करायची नसते. गुंडाचा शब्द हिशेबाचा झाला.

आणि ‘ओके’? त्याची गोष्ट तर फारच मजेची आहे. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १८३० च्या दशकात वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं. शब्द मुद्दाम चुकीचे लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरं छापायची. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे ‘सगळं बरोबर’. ते अडाण्यासारखं ‘ओल करेक्ट’ लिहायचं, करेक्टला ‘के’ लावायचा, आणि छापायचं ‘ओ. के.’ २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते छापलेलं सापडतं. ॲलन वॉकर रीड नावाच्या भाषा-अभ्यासकानं १९६० च्या दशकात हा माग काढला. म्हणजे ‘सगळं बरोबर आहे’ हे सांगणारा शब्द स्वतःच मुद्दाम चुकवलेला! चेष्टाच ती. त्या खुळातली बाकीची आद्याक्षरं बहुतेक विसरली गेली, हे मात्र वाचलं. कारण पुढच्याच वर्षी, १८४० ला, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन. त्यांच्या गावावरून पडलेलं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. आद्याक्षरं तीच. समर्थकांनी ‘ओ. के.’ क्लब काढले, विरोधकांनी त्याच अक्षरांची टर उडवली. व्हॅन ब्युरेन हरले. शब्द जिंकला आणि पुढे जगभर गेला. आता विमानतळावर, इस्पितळात, फोनच्या पडद्यावर ‘ओके’ दाबताना कुणाला त्यात विनोद दिसतो?

१८४० ची ती निवडणूक आणि २०२२ चा तो ऑगस्ट, दोन्हीकडे राजकारणानं एक चेष्टेचा शब्द हातोहात पसरवला. पण एक फरक आहे. बोस्टनच्या ‘ओके’मधला विनोद गेला, त्यानं कुणाचं काही गेलं नाही. ‘पन्नास खोके’मध्ये मात्र आरोप होता. आरोप म्हणजे कुणीतरी उत्तर द्यायला हवं असं वाक्य. ते वाक्य लग्नाच्या वरातीत, पोरांच्या क्रिकेटमध्ये, भजीच्या गाडीवर फिरलं की त्याचं उत्तर कुणी मागत नाही. ‘एकदम ओके’ म्हणजे आता खरंच ‘मजेत आहे’. ज्यांना ते टोचायला हवं होतं त्यांनाही ते हसत हसत म्हणता येतं. जी घोषणा सगळ्यांनाच आवडते, तिची विरोधकांना काय मदत होणार?

इथवर ऐकून असं वाटेल की थट्टेची सवय झाली की नुकसानच होतं. तसं नाही. उलट जाणारं उदाहरण आहे, ‘गांधीगिरी’. यातला ‘गिरी’ हा प्रत्यय फारसीतून आलेला. मराठीत तो पूर्वी साधा होता. शिपाईगिरी, मुलूखगिरी. जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या पुस्तकाचं नाव ‘गुलामगिरी’. तिथे तो भयंकर गोष्टीला लागलाय, पण त्यात टवाळी नाही. पुढे मुंबईच्या बोलण्यात त्याला वेगळा वास आला. दादागिरी, भाईगिरी, चमचेगिरी. ‘गिरी’ लागलं की काहीतरी संशयास्पद असणार. आणि २००६ च्या सप्टेंबरमध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. एक टपोरी, ज्याला दादागिरी तेवढी येते, तो गांधींना आपल्या शब्दसंग्रहात बसवतो आणि ‘गांधीगिरी’ तयार होते. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं ते या बेमेळ जोडीचं. महात्म्याच्या नावाला भाईचा प्रत्यय!

पण सिनेमा संपेपर्यंत आणि त्यानंतर काही महिने लोक तो शब्द खरोखरच्या कृतीसाठी वापरायला लागले. कार्यालयात अडवणूक करणाऱ्याला फूल द्यायचं. भांडण टाळून शांतपणे उभं राहायचं. इथे थट्टेनं एक दार उघडलं. ‘सत्याग्रह’ म्हणायला संकोच वाटला असता, तो शब्द फार मोठा, जबाबदारीचा. ‘गांधीगिरी’ म्हणताना हसता येत होतं आणि हसत हसत करूनही बघता येत होतं. चेष्टेच्या आडोशानं एक प्रामाणिक गोष्ट आत आली.

मग पुढे? तुम्ही रोज वाचता. रस्त्याला खड्डे पडतात. कुणीतरी खड्ड्यात झाड लावतं, कुणी खड्ड्याला हार घालतं, कुणी त्यात होडी सोडतं. दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘खड्ड्यांविरोधात गांधीगिरी’. घोडबंदरच्या रस्त्यावरून पावसाळ्यात जाणाऱ्यांना खड्डा काय चीज आहे ते सांगायला नको. पहिल्यांदा खड्ड्यात झाड लागलं तेव्हा त्यात उपरोध होता. ‘वा, काय सुंदर बाग केलीत!’ असं प्रशासनाला सुनावणं होतं. दर पावसाळ्यात तेच केलं की तो एक वार्षिक कार्यक्रम होतो. झाड, फोटो, बातमी, पुढचा पाऊस. गांधींच्या सत्याग्रहात एक ठरलेली मागणी असायची, आणि ती पुरी होईपर्यंत त्याची किंमत मोजायची तयारी असायची. मिठाचा कर म्हणजे मिठाचा कर. आपल्या गांधीगिरीत मागणी असते, पण फोटो निघाला की ती सुटते. म्हणजे बघा, एकाच शब्दाला सवयीनं आधी खरेपणा दिला आणि नंतर तोच खरेपणा सवयीनंच काढून घेतला.

मराठी साहित्यात ही गोष्ट फार आधी दिसली होती. भाऊ पाध्ये यांचं ‘वासूनाका’ १९६५ साली आलं. आचार्य अत्र्यांनी त्यावर कडाडून टीका केली. वाद झाला तो अश्लीलतेचा. आम्हाला मात्र ते पुस्तक वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. सांगणारा त्याच नाक्यावरचा, त्याच पोरांतला. ही पोरं सगळ्या जगाबद्दल टवाळीच्या भाषेत बोलतात. बेकारी, बायका, प्रेम, मरण, सगळ्यालाच एक सूर. सुरुवातीला वाटतं ही ऐट आहे, आत काहीतरी निराळं असेल. पण वाचत जाऊ तसं कळतं की या पोरांना कधी आतून काही वाटलं, तरी ते सांगायला त्यांच्याजवळ दुसरी भाषाच नाही. टवाळी त्यांनी पांघरली होती, ती आता निघत नाही. अत्र्यांना त्या भाषेची भीती वाटली ती वाचणाऱ्यांसाठी. आम्हाला वाटते ती बोलणाऱ्यांसाठी.

आणि आता आपल्या नाक्यावरचे दोन शब्द, ज्यांच्याबद्दल बोलायला जरा अवघड जातं. ‘भैया’ आणि ‘घाटी’. भैया म्हणजे भाऊ, मोठा प्रेमाचा शब्द. मुंबईत तो उत्तरेकडून आलेल्या सगळ्या पुरुषांचं नाव झाला. मग भाजीवाल्याचं, दूधवाल्याचं, रिक्षावाल्याचं. आवाजात आधी तुच्छता होती. आज आपल्या घरातली पोरगी ‘भैया, कोथिंबीर द्या’ म्हणते तेव्हा तिच्या मनात काही नसतं. पण तिच्यामागून येणारा दुसरा कुणी तोच शब्द दात दाबून म्हणतो. ‘घाटी’चंही तसंच. घाटावरून उतरून मुंबईत हमाली करायला, गिरणीत राबायला आलेल्या माणसाला हिणवायला तो वापरला गेला. आता आपली पोरं एकमेकांना लाडानं ‘ए घाट्या’ म्हणतात. पण नोकरीच्या ठिकाणी दुसऱ्यानं म्हटलं तर डोळ्यांत पाणी येतं.

२०२५ च्या जुलैमध्ये मीरा रोडला भाषेवरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी व्यापारी रस्त्यावर आले, मग मराठीसाठी मोर्चा निघाला. त्या वादाचा निकाल आम्ही इथून देणार नाही. पण एवढं सांगतो, असे शब्द वर्षानुवर्षं ‘अहो, गंमतीनं म्हणतो’ म्हणून वापरले जातात. म्हणणाऱ्याची काकु कधीच गेलेली असते, त्याला तो शब्द साधा वाटतो. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र ती शिल्लक असते. चेष्टा दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी संपत नाही. म्हणून एकाला वाटतं, ‘यात रागवण्यासारखं काय आहे?’ आणि दुसरा तर रागावलेलाच असतो.

मग करायचं काय? थट्टा सोडायची? ते मराठी माणसाला जमणार नाही आणि सांगणाऱ्याला कुणी ऐकणारही नाही. (हशा) आम्ही स्वतःपुरती एक साधी परीक्षा ठरवलीय. एखादा शब्द तोंडात रुळला की बघायचं, हीच गोष्ट तो शब्द न वापरता सरळ सांगता येते का? ‘सगळं एकदम ओके’ म्हणायच्या ऐवजी ‘चार दिवस नळाला पाणी नाही, आणि मी अर्ज दिलाय’ असं म्हणता येतं का? ‘काय भावी!’ म्हणायच्या ऐवजी ‘तू उभा राहणार असशील तर वॉर्डासाठी काय करणार ते सांग’ असं विचारता येतं का? ‘भैया’च्या जागी त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे का? सरळ वाक्य येत असेल तर थट्टा खुशाल करा, तिची धार आपल्याच हातात आहे. सरळ वाक्य येतच नसेल, तर ती थट्टा राहिलेली नाही. आपल्याला त्या गोष्टीबद्दल तेवढंच बोलता येतं.

निवडणूक झालीय. ‘भावी’ होते त्यातले काही जण आता सभागृहात आहेत. म्हणजे वर्तमानकाळ परत आलाय. त्यांना भेटाल तेव्हा एक वाक्य तरी सरळ बोला. बाकी चेष्टा चहा पिताना करू.

काही प्रश्न असतील तर घेऊया.